पथारीवरचा नेपोलियन

मेलेल्या माणसांत ज्याचा जीव रमतो तो माणूस कथा-कादंबऱ्यांत खंगलेला असतो. गाल बसलेले, आवाज खर्जातला, चहा प्यायला तर तोही बिनदुधाचा. नंदुरबारात तो मिरचीचा व्यापार करतो. पोट सुटलेलं, आवाज लिलावात कमावलेला, चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. अंगातला नेहरू शर्ट नोव्हेंबरात पांढरा असतो आणि मार्चपर्यंत गुलाबी होतो. गाव त्यांना तोंडावर आप्पा म्हणतं आणि पाठीमागे मसणआप्पा. हे दुसरं नाव त्यांना माहीत आहे, आणि पहिल्यापेक्षा तेच त्यांना जास्त आवडतं.

आप्पा जुनी चित्रकार्डं जमवतात. देवांची नाहीत, नट्यांची नाहीत, आगगाड्यांची नाहीत. फक्त कबरी, समाध्या, थडगी, मकबरे, दफनभूमी आणि स्मशानघाट. दुसऱ्या महायुद्धाच्या अलीकडचं कार्ड फुकट दिलं तरी घेत नाहीत. "अलीकडचं मढं आपल्याला चालत नाही," असं म्हणतात, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून खुलासा करतात की मढं कितीही ताजं चालेल, कार्ड जुनं पाहिजे.

संग्रह राहतो पथारीवर. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: शेतकऱ्याकडून ओली लाल मिरची घ्यायची, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पसरून वाळवायची, बायकांकडून देठ खुडून घ्यायचे आणि पोत्यांत भरून देशभर धाडायची. ते रान म्हणजे पथारी. आप्पांच्या पथारीच्या कडेला पत्र्याची खोली आहे. तिच्यात एक टेबल, एक काटा, व्यंकटेशाचं कॅलेंडर आणि एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत अल्बम, आणि प्रत्येक अल्बमात, कसर लागू नये म्हणून, दोन-दोन सुक्या मिरच्या. लोक कडुनिंबाचा पाला घालतात. आप्पांनी घरचा माल वापरला. त्यातही वर्गवारी आहे. तिखटाला जास्त ती साहेबांच्या कबरींना, रंगाला चांगली ती बादशहांना. पुण्याहून एक जाणते संग्राहक मुद्दाम अल्बम बघायला आले होते. तिसऱ्या कार्डाला त्यांचे डोळे भरून आले, सातव्याला ते रुमालात तोंड खुपसून बाहेर गेले. "हळवा माणूस," आप्पा मला म्हणाले.

या नादाची सुरुवात उधारीतून झाली. मिशीला पीळ द्यायच्या वयात आप्पा मुंबईला मशीद बंदरच्या एका व्यापाऱ्याकडे वसुलीला गेले होते. त्यानं "उद्या या" म्हटलं. उद्यापर्यंत करायचं काय, म्हणून आप्पा चोरबाजारात शिरले आणि एका पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक कार्ड उचललं. वर मलबार हिलवरचा पारशांचा दखमा: गोल भिंत, भिंतीवर ओळीनं बसलेली गिधाडं. मागे कुणा साहेबानं विलायतेतल्या बहिणीला लिहिलेलं. आप्पांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, तरी त्यांनी ते उभ्या उभ्या लावलं. प्रकृती उत्तम, उकाडा फार, नवे बूट चावतात, आईला नमस्कार. संपलं.

"अरे, गिधाडं धाडली बहिणीला, आणि सांगतो काय, तर बूट चावतात!" हे सांगताना आप्पा आजही टेबलावर थाप मारतात आणि काट्याची तागडी हलते. त्या दिवशी दुकानात ते इतके हसले की दुकानदारानं जागच्या जागी भाव दुप्पट केला. तेव्हापासून कार्ड हातात घेताना त्यांचा चेहरा सुतकी असतो. मशीद बंदरची ती उधारी मात्र अजून यायची आहे.

कार्डांचा इतिहास आप्पा पोती मोजता मोजता सांगतात. "बिनचित्राचं साधं कार्ड पहिलं काढलं ऑस्ट्रियानं, १८६९ ला... लिही रे, बेचाळीस किलो... आपल्याकडे आलं १८७९ च्या जुलैत, पाव आण्याला... अरे, पोत्याचं वजन वजा कोण करणार?... चित्राची हवा सुटली ती पुढे, विसावं शतक लागता लागता." त्या हवेत मुंबईची क्लिफ्टन कंपनी, कलकत्त्याचे जॉन्स्टन आणि हॉफमन, दिल्लीचे मिर्झा अशा फोटोवाल्यांनी आणि छापणाऱ्यांनी हात धुऊन घेतले. विलायतेतली रॅफेल टक कंपनी तर जगभरची चित्रं विकत होती. त्यातली पुष्कळशी छपाई जर्मनीत व्हायची, आणि १९१४ साली लढाई पेटली तशी ती थांबली. त्यामुळे कार्डाच्या कडेला जर्मनीचं नाव दिसलं की आप्पांना वय विचारावं लागत नाही. आणखी एक खूण म्हणजे मागची बाजू. आधी तिथे फक्त पत्ता चालायचा. मजकूर लिहायचा तर चित्राच्याच बाजूला. विलायतेच्या पोस्टानं १९०२ मध्ये पाठीवर मधोमध रेघ ओढायला परवानगी दिली आणि मजकुराला हक्काची जागा मिळाली. त्याच्या आधीच्या कार्डांवर लोकांनी घुमटाच्या वर आभाळात, पायऱ्यांवर, कबरीच्या खाली हिरवळीत, जिथे जागा मिळेल तिथे लिहिलं आहे. एका कार्डावर हुमायूनच्या कबरीच्या घुमटाला वळसा घालून कुणीतरी धोब्यानं हरवलेल्या मोज्यांची तक्रार केली आहे.

आप्पांच्या मते त्या काळचा साहेब हिंदुस्थानात मेलेल्यांनाच भेटायला येत असावा. त्यांची ट्रंक बघितली तर पटतं. कानपूरची विहीर, १८५७ च्या उठावातली, तिच्यावर संगमरवरी देवदूत, आणि भोवती ती बाग जिच्यात हिंदी माणसाला सहजी पाऊल टाकता येत नव्हतं. दिल्लीला काश्मिरी दरवाज्याजवळची, त्याच उठावात पडलेल्या निकल्सन साहेबाची कबर. लखनौ, आग्रा, विजापूर. आणि जळत्या चिता. काशीचा मणिकर्णिका, कलकत्त्याचं निमतला, मुंबईचं सोनापूर. पाहुणा म्हणून यायचं, कुणाचा तरी बाप जळताना बघायचा, त्याचं कार्ड घ्यायचं, वर एडवर्डचं तिकीट चिकटवायचं आणि नाताळच्या शुभेच्छा लिहून घरी धाडायचं.

ही चितांची कार्डं आप्पा कुणाला दाखवत नाहीत. विकत घेतात, दिसतील तेवढी घेतात. "बाजारातून माल उचलून टाकायचा," एवढंच म्हणतात. मिरचीत ज्याला साठेबाजी म्हणतात ती ते इथे पुण्यकर्म म्हणून करतात. त्या कार्डांचा गठ्ठा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाला ठेवला आहे, आणि त्यात मिरची नाही. "लागू दे कसर," म्हणतात. मी एकदा गाठ सोडून बघितली. कसरीनं एकालाही तोंड लावलेलं नव्हतं.

आता माईंबद्दल. माई म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती. त्यांचा या छंदाला विरोध आहे असं म्हणणं म्हणजे तापीला पाणी आहे असं म्हणणं. "मन्हा घरमा मसन आनू नका," हे त्यांनी पहिल्याच कार्डाला सांगून टाकलं. त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पोस्टकार्डाचा आणि मरणाचा संबंध चित्राचा नव्हता, कोपऱ्याचा होता. कुणी गेलं की नातेवाइकांना कार्ड जायचं, त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं ते दाखवलं की वाचायच्या आधीच घर सुन्न. वाचून झालं की फाडून टाकायचं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. माईंचा सगळा जन्म या रिवाजात गेला, आणि नवरा मिळाला तो अशी कार्डं पैसे देऊन आणणारा आणि वर प्लास्टिकमध्ये घालून जपणारा.

व्हायचं ते एका पावसाळ्यात झालं. आप्पांचा पुतण्या मोबाइलवर परदेशी लिलावांत बोली लावतो. (बोली वाढली की आप्पा मोबाइलवर ओरडतात, लिलाव म्हणजे ओरडायचं असतं हे त्यांच्या हाडात आहे.) तर अशाच एका लिलावातलं कार्ड पथारीऐवजी चुकून घरच्या पत्त्यावर आलं. पाकीट भिजून फाटलेलं, त्यातून कार्ड माईंच्या पायाशी पडलं. जुनं, पिवळं, आणि एक कोपरा गायब.

आप्पा घरी पोहोचले तेव्हा चूल विझवलेली होती. माई भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारच्या तिघी-चौघी पदर तोंडाला लावून, आणि कार्ड ओट्यावर एकटं. त्याला कुणी हात लावला नव्हता. परकी लिपी, वाचणार कोण?

"कोन गया?" माईंनी विचारलं.

आप्पांनी कार्ड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"नेपोलियन."

शेजारणींत कुजबुज झाली. "आपला गावना का?"

"नाही हो, फ्रान्सचा. सेंट हेलेना बेटावर वारला."

"कधी?"

"१८२१ ला."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सगळ्यांत वयस्कर बाईंनी बोटं मोजत सांगितलं की पत्र यायला फारच उशीर झाला, आता दहावा-तेरावा धरायचं कारण नाही, नुसती आंघोळ केली तरी चालेल. माईंनी आंघोळ केली. आप्पांनाही करायला लावली. आणि पुढे आठ दिवस जेवणात भाजीऐवजी पिठलं होतं, ते सुतकाचं नव्हतं.

ते कार्ड मात्र आप्पांच्या लाडक्यांपैकी आहे. बेटावरच्या दरीत एक सपाट फरशी, भोवती लोखंडी कठडा, वर झाडाची सावली. फरशीवर नाव नाही, कारण काय कोरायचं यावर इंग्रज आणि फ्रेंच यांचं एकमत झालं नाही. आणि १८४० मध्ये फ्रेंचांनी नेपोलियनला उकरून पॅरिसला नेलं, म्हणजे छायाचित्र काढलं तेव्हा आत कुणी नव्हतंच. "नाव नाही, मढं नाही, आणि लोक कार्डं घेतात," आप्पा म्हणतात. "व्यापार याला म्हणतात."

लग्नसराईत आप्पांना बोलावताना लोक दोनदा विचार करतात, याचं कारण ताजमहाल. रुखवतात किंवा आहेरात पांढरा ताजमहाल दिसला, आणि आत बारीक दिवा लागणारा असला तर विचारूच नका, की आप्पा त्याच्यापाशी थांबतात. "कबर दिली कुणी?" मोठ्यानं विचारतात. वरमाय बिचकते. आप्पा समजावून सांगतात, की जगात सर्वांत जास्त खपलेलं हिंदुस्थानी कार्ड कबरीचंच आहे, तुम्ही घरोघर शोकेसमध्ये कबर मांडता, नव्या नवरानवरीला कबर देता, आणि मला मसणआप्पा म्हणता. मग त्यांचा मुद्दा तापीवर येतो, आणि तिथून त्यांना हलवणं अवघड. मुमताज गेली कुठे? आग्र्याला नव्हे, बुऱ्हाणपूरला. १७ जून १६३१, चौदाव्या बाळंतपणात. पुरली कुठे? तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत. सहा महिने तिथे होती, मग डिसेंबरात आग्र्याला नेली. "म्हणजे जे पाणी तिच्या उशाशी वाहिलं तेच पुढे आपल्या संगमावरच्या प्रकाशा गावाला आलं," आप्पा सांगतात. "पहिली कबर आपल्या तापीवरची. आग्रा म्हणजे बदली." तोवर पंगत उठलेली असते. आप्पांसाठी वेगळं पान मांडावं लागतं.

एकदा त्यांच्याबरोबर मी सुरतेला गेलो. तापी लाइनच्या गाडीत बसलं की नंदुरबारच्या माणसाला सुरत हे परगाव वाटत नाही. नवापूरला गाडी थांबली. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. प्रवासी तिथे उतरून सीमेवर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढतात. आप्पा खिडकीतून सीमेवरच्या बाकाकडे बघत होते. "इथं बसल्या बसल्या कुणी गेला," ते म्हणाले, "तर दाखला कोण देणार?" समोरच्या बाकावर गुजरात बाजूला पाय पसरून बसलेले गृहस्थ उठून डब्यात दुसरीकडे गेले.

सुरतेची इंग्रजांची जुनी दफनभूमी म्हणजे कबरींची नव्हे, इमारतींची वसाहत आहे. घुमट, कमानी, खांब. इथल्या नबाबांना दाखवून देऊ या ईर्ष्येनं बांधलेल्या. त्यात सर्वांत थोराड दुमजली इमारत ऑक्झेंडन भावांची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, मग जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा मुख्य. वखारीचे दरवाजे बंद करून बसला, वाचला, आणि कंपनीकडून त्याबद्दल बक्षीसही मिळवलं. आप्पांनी खिशातून कार्ड काढलं, इमारतीसमोर धरलं, एक डोळा मिटून दोन्ही जुळवून बघितली आणि मान डोलावली. "महाराजांच्या स्वारीतून सुटला," ते म्हणाले, "पण सुरतेतून नाही सुटला." कबरीच्या उंचीवर त्यांचं मत बरं नव्हतं. एवढा खर्च कुणाच्या खात्यात टाकला असेल, याचा ते बराच वेळ विचार करत होते.

खरी भेट डचांच्या बाजूला होती. तिथे व्हान रीड नावाचा एक अंमलदार आहे. मलबारात असताना त्यानं तिथल्या वैद्यांना आणि पंडितांना हाताशी धरून तिथल्या झाडापाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करवला, 'हॉर्टस मलबारिकस'. पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. १६९१ मध्ये हा माणूस सुरतेकडे येताना जहाजावर वारला आणि त्याला इथे पुरलं. त्या ग्रंथात मिरचीही आहे. पोर्तुगीजांनी अमेरिकेकडून आणलेलं हे झुडूप तोवर मलबारातल्या परसात चांगलं रुजलं होतं आणि व्हान रीडनं ते इतर झाडांच्या पंक्तीला बसवलं. हे कळल्यापासून आप्पा त्याला व्यवसायबंधू मानतात. त्या दिवशी त्यांनी टोपी काढली, खिशातून कागदाची पुडी काढली आणि उत्तम वाळलेल्या, लालबुंद, देठासकट मिरच्या मूठभर कबरीच्या पायाशी ठेवल्या.

पहारेकरी लांबून बघत होता. तो धावत आला. "काका, आ शुं करो छो?"

"सॅम्पल," आप्पा म्हणाले.

पहारेकऱ्यानं मिरच्यांकडे बघितलं, कबरीकडे बघितलं, मग आमच्या खिशांकडे. "लींबु क्यां छे?"

लिंबू नाही हे पटवायला बराच वेळ गेला. आप्पा त्याला ग्रंथाचे बारा खंड सांगत होते, तो आम्हाला कुणावर करणी करायची आहे ते विचारत होता. शेवटी मिरच्या जप्त झाल्या. त्या त्यानं पुन्हा पुडीत बांधल्या, वास घेतला आणि स्वतःच्या डब्याशेजारी ठेवल्या. फाटकातून बाहेर पडताना आप्पा खूश होते. माल पसंत पडला होता.

संग्रहात साहेबांचे चार जाडजूड अल्बम, बादशहांचे दोन. 'आपले' असं लिहिलेला एकच, आणि तो बारीक. आप्पांचं एक जुनं दुखणं इथे आहे. आपण जाळतो, राख पाण्यात सोडतो, छापायला काही शिल्लक ठेवत नाही. रावेरखेडीला नर्मदेकाठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, ते १७४० च्या एप्रिलमध्ये तिथेच गेले. आपल्या जिल्ह्याची उत्तरेची हद्द तीच नर्मदा. पण तिचं जुनं कार्ड आप्पांना अजून मिळालेलं नाही. राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला गेले आणि तिथे द्वारकानाथ ठाकुरांनी त्यांच्यावर छत्री उभारली म्हणून त्यांचं कार्ड आहे. "परदेशात गेला तरच आपला माणूस कार्डावर येतो," हा त्यांचा सिद्धान्त. आणि त्याचा पुरावा म्हणून ते अल्बमाचं पहिलं पान उघडतात.

ते कार्ड इटलीत छापलेलं. फ्लॉरेन्सच्या कॅशिने बागेतली एक छत्री, चार खांब, आत रंगीत पोशाखातल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये विलायत बघून परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. बरोबरच्या मंडळींनी हिंदू रीतीनं दहन करायचं ठरवलं. इटलीच्या त्या शहरात आजवर असं काही घडलं नव्हतं, तरी परवानगी मिळवली. जागा निवडली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथली. १८७४ मध्ये तिथे स्मारक झालं. "परमुलखात, भाषा येत नाही, आणि तरी त्यांनी संगम शोधून काढला," आप्पा म्हणतात. "प्रकाशाचा माणूस असता तर यापेक्षा वेगळं काय करणार होता?" कार्डावर छापलंय ते इतकंच, की हे एका हिंदी माणसाचं स्मारक. आप्पांनी खाली बारीक पेन्सिलीनं पूर्ण नाव लिहिलं आहे, 'छत्रपती' पासून.

दुसरं पान रिकामं आहे. तिथे आनंदीबाई जोशींची जागा राखलेली. त्या १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला गेल्या, पण अस्थी अमेरिकेला त्यांच्या तिथल्या यजमानीण कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी गावच्या दफनभूमीत त्या घराण्याच्या जागेत त्यांचा दगड आहे. त्या दफनभूमीचं जुनं कार्ड मिळावं म्हणून आप्पा पुतण्याकरवी तिकडच्या विक्रेत्यांना लिहीत असतात. दरवेळी तिकडून ग्रँट साहेबाच्या समाधीचं कार्ड पुढे केलं जातं. न्यूयॉर्कची ती १८९७ सालची इमारत इतकी छापली गेली आहे की विक्रेत्यांना ती कुणाच्या तरी गळ्यात घालायचीच असते. "मी आनंदीबाई मागतो, हे जनरल देतात," आप्पा म्हणतात. नाइलाजानं घेतलेले तीन ग्रँट संग्रहात आहेत. मला एक देऊ केला होता.

नंदुरबारचं स्वतःचं कार्ड नाही, हे त्यांना फार लागलं होतं. माणिक चौकातून जाताना आप्पा हळू होतात, पायातल्या चपला नकळत सरळ पडतात. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची आणखी चार मुलं गेली. या चौकातल्या स्मारकाचं कार्ड पाहिजेच, असं आप्पांनी एके वर्षी ठरवलं, फोटो काढून घेतला आणि एका छापखान्यात गेले. छापखानेवाला म्हणाला, हजारापेक्षा कमी परवडत नाही. आप्पा म्हणाले, हजार. मजकूर? फक्त ठिकाण आणि तारीख. पण हाताखालच्या पोराला काळ्या चौकटीतल्या फोटोखाली फक्त एकाच प्रकारचा मजकूर जुळवायची सवय. कार्डं छापून आली ती खाली 'शोकाकुल : समस्त आप्पा परिवार' असं घेऊन. पुन्हा छापायचा खर्च छापखान्यानं करायचा की आप्पांनी यावर एक आठवडा गेला. तेवढ्यात पुतण्यानं उत्साहात वीस-पंचवीस कार्डं पेटीत टाकलीसुद्धा. शहाद्याहून एका मेहुण्याचा फोन आला, दशक्रिया प्रकाशालाच आहे का, म्हणून. तळोद्याहून एक जण पांढरा टॉवेल घेऊन थेट दारात. आप्पांनीच दार उघडलं. तो गृहस्थ त्यांना मिठी मारून रडला, मग जेवून गेला.

दुसऱ्या छपाईची कार्डं स्वच्छ आली. आता दर ९ सप्टेंबरला ती ओळखीच्या घरी जातात, आणि मागे आप्पांच्या हस्ताक्षरात मजकूर असतो. प्रकृती उत्तम. उकाडा फार. यंदा ओल्या मिरचीला भाव बरा. माईचा नमस्कार.

अवकाळी पावसाच्या दिवशी आप्पांना बघायला हवं. वाळत घातलेली मिरची भिजली तर काळी पडते, सगळी पथारी आरडाओरडा करत ताडपत्र्या ओढत असते. मागच्या खेपेला पहिला टपोरा थेंब पडला तसे आप्पा धावले, मोठी ताडपत्री दोन पोरांकडून हिसकावून घेतली, आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन ट्रंकेवर घातली. पत्रा गळत नाही. नुकसान किती झालं ते ते सांगत नाहीत.

देठ खुडणाऱ्या बायका या सगळ्याकडे शांतपणे बघतात. दुपारी जेवणानंतर आप्पांना अल्बम दाखवायची लहर येते, आणि हक्काच्या प्रेक्षक त्याच. साहेबांच्या कबरी त्या जांभई देत बघतात. ताजमहाल त्यांना माहीत असतो. पण यंदा आप्पांनी जिनोव्हाच्या स्टालियेनो दफनभूमीतलं एक कार्ड आणलं. इटलीतलं हे शहर. तिथल्या श्रीमंतांनी एकाहून एक संगमरवरी पुतळे कबरींवर उभे केले आणि त्यांची कार्डं जगभर खपली. त्यातला एक पुतळा म्हातारीचा आहे. भारी शाल, झालरीचा झगा, कानांत डूल, आणि हातात सुक्या फळांच्या माळा आणि पावाची कडी. काटेरीना काम्पोदोनिको. जत्रांमधून हेझलनटच्या माळा विकायची. आयुष्यभराची पुंजी घालून तिनं जिवंतपणीच, १८८१ मध्ये, ओरेंगो नावाच्या नामांकित शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करून घेतला आणि शेठ-सावकारांच्या रांगेत उभा केला. पुढच्या वर्षी गेली.

हे कार्ड हातोहात फिरलं. बायकांनी शालीचं काम बघितलं, झालर बघितली, बोटं बघितली. तिखटानं कायमची चुरचुरणारी बोटं असली की दुसऱ्याची बोटं आधी दिसत असावीत.

"आप्पा, हाई बाई काय इकस?" एकीनं विचारलं.

आप्पांनी सांगितलं. माळा. जत्रेत. पै पै साठवली.

"आनी तिले इतला पैसा कथाईन भेटना?"

"कष्ट केले," आप्पा म्हणाले. "काटकसर केली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात बसलेल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं देठ खुडणं न थांबवता सांगितलं, "तिले शेठ नही व्हता, म्हनीसन जमनं."

सगळी पथारी हसली. आप्पाही हसले, पण अर्ध्यात थांबले, कारण बायका थांबल्या होत्या आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. त्या दुपारी पुढचं पोतं भरलं गेलं नाही. आप्पांनी बाजारभाव सांगितला, पावसाचं नुकसान सांगितलं, डिझेल सांगितलं. कार्ड म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर होतं, आणि ती ते परत देत नव्हती. दिवस मावळायच्या आत किलोमागे एक रुपया वाढला, तेव्हा कार्ड मिळालं.

आप्पा प्रत्येक कार्डाच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, खरेदीची किंमत पेन्सिलीनं लिहितात. त्या संध्याकाळी ते बराच वेळ चोपडी आणि कार्ड शेजारी ठेवून आकडेमोड करत बसले होते. टपालखर्च, पुतण्याचं कमिशन आणि त्याखाली वाढीव मजुरी, हंगामाच्या वजनाला गुणून. बेरजेखाली रेघ ओढली नाही. "चालू खातं," म्हणाले, आणि अल्बमात त्या कार्डाशेजारी नेहमीपेक्षा एक मिरची जास्त ठेवली.